खरखर अडवा, निरोप जाऊ द्या

संगणकाच्या पडद्याला जोडलेली जुन्या पद्धतीची जाड वायर नीट पाहिलीत, तर तिच्या टोकाजवळ आवळ्याएवढी एक टणक गाठ दिसते. छपाईयंत्राच्या किंवा कॅमेऱ्याच्या वायरवरही अशी गाठ बऱ्याचदा असते. वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी ती कशासाठी आहे हे विचारतोच. गाठीवरचे प्लॅस्टिक काढले तर आत काळसर राखाडी, चिनीमातीसारखी ठिसूळ नळी निघते. वायर या नळीच्या भोकातून सरळ आरपार गेलेली असते. नळीला कुठलीही विद्युत जोडणी नसते. तिच्यातले तांबे उघडे नाही, स्क्रू नाही, डाग नाही.

मग ही नळी करते काय? थोडक्यात सांगायचे तर ती वायरीवरची विद्युत खरखर अडवते आणि निरोप पुढे जाऊ देते. पण या उत्तराने प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो. खरखर म्हणजे विद्युतप्रवाह आणि निरोप म्हणजेही विद्युतप्रवाह. दोन्ही त्याच तांब्यातून जातात. मग बाहेरून नुसती वेढून बसलेली नळी या दोघांना ओळखते कशी?

निरोप आणि खरखर वेगळे करण्याच्या दोन युक्त्या माणसाला सापडल्या. एक युक्ती त्यांच्या वारंवारतेतला फरक ओळखते, दुसरी त्यांच्या वाटेतला. आजच्या वेगवान डेटा-तारांना मुख्यतः दुसरीचा आधार आहे. तिची मुळे मात्र घोड्याच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम आल्या त्या काळात आहेत.

जमीन नावाची फुकटची तार

विद्युतप्रवाह वाहायचा तर परिपथ पूर्ण व्हावा लागतो, हे आपण शाळेत शिकवतो. म्हणजे एक तार जायला आणि एक तार परत यायला हवी. १८३८ साली जर्मनीत म्युनिक येथील कार्ल ऑगस्ट फॉन स्टाइनहाइल यांना असे आढळले की, परतीच्या तारेऐवजी दोन्ही टोकांना धातूच्या पट्ट्या जमिनीत पुरल्या तरी काम भागते. प्रवाह जमिनीतून परत येतो. शेकडो मैलांच्या तारायंत्राच्या मार्गावर निम्मे तांबे किंवा लोखंड वाचणे ही फार मोठी बचत होती. पुढे जगभर तारायंत्राचे मार्ग असेच, एका तारेचे उभे राहिले.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनचे पेटंट घेतले. टेलिफोनच्या कंपन्यांनी साहजिकच तारायंत्राची रीत उचलली. एक लोखंडी तार टांगली, दोन्ही टोके जमिनीत सोडली आणि बोलणे सुरू केले. पण टेलिफोन आणि तारायंत्र यांच्या संवेदनशीलतेत जमीन-अस्मानाचा फरक होता. तारायंत्राचा ठोका पडायला काही मिलिअँपिअर प्रवाह लागत असे. टेलिफोनच्या श्रवणीला त्याच्या कितीतरी कमी, काही मायक्रोअँपिअर प्रवाहही पुरे. म्हणून तारायंत्राला जे कधी जाणवलेच नव्हते, ते टेलिफोनला ऐकू येऊ लागले. शेजारच्या खांबांवरून जाणाऱ्या तारायंत्राची टकटक ऐकू येई. शेजारच्या तारेवरचे दुसऱ्या कुणाचे बोलणे ऐकू येई. वीज चमकली की कडकडाट आणि एरवी सततची सरसर.

याचे कारण आपल्या ओळखीचे आहे. बदलत्या प्रवाहाभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र असते आणि ते जवळच्या वाहकात विभवांतर निर्माण करते. हेच फॅराडे यांनी १८३१ साली दाखवलेले प्रवर्तन. शिवाय शेजारच्या दोन तारा एखाद्या धारित्राच्या पाट्यांसारख्याही वागतात. एकेरी तार आणि तिच्याखालची जमीन मिळून एक प्रचंड वेटोळे होते. मैलोगणती लांब आणि काही मीटर उंच अशा वेटोळ्याने आजूबाजूचे प्रत्येक बदलते क्षेत्र टिपले तर नवल नाही.

उपाय सापडला, पण महाग होता

उपाय लवकर सापडला. जमिनीवर विसंबायचे सोडून परतीची दुसरी तार टाकायची आणि ती पहिलीला अगदी चिकटून ठेवायची. १८८१ साली बॉस्टन आणि प्रॉव्हिडन्स या शहरांमधल्या मार्गावर जॉन कार्टी या तरुण कर्मचाऱ्याने दोन तारा जोडून असा पूर्ण धातूचा परिपथ केला आणि खरखर गायब झाली, असे टेलिफोनच्या इतिहासात सांगतात. त्याच वर्षी, जुलै १८८१ मध्ये, बेल यांना एक पेटंट मिळाले. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन ठेवावी, म्हणजे बाहेरच्या तारांचा दोघींवर सारखाच परिणाम होईल आणि तो रद्द होईल, असा त्याचा आशय होता. आज संगणकाच्या जाळ्याची वायर सोलली की आत ज्या पिळाच्या जोड्या दिसतात, त्या याच कल्पनेच्या.

पिळाने काय साधते ते समजून घेऊ. समजा, पहिल्या तारेवर निरोपाचे विभव +स आहे आणि दुसरीवर −स. बाहेरून आलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच, ख एवढी चढते. आता पहिल्या तारेवर स + ख आहे आणि दुसरीवर −स + ख. पलीकडच्या टोकाला आपण फक्त दोन तारांमधला फरक मोजतो:

(स + ख) − (−स + ख) = २स

ख नाहीसा झाला. यासाठी ख किती आहे, त्याची वारंवारता किती आहे, हे माहीत असण्याची काहीच गरज पडली नाही. एकच अट होती, ती म्हणजे ख दोन्ही तारांवर सारखा हवा. तारा नुसत्या शेजारी ठेवल्या तर एक तार खरखरीच्या उगमाला जरा जवळ असते आणि दुसरी जरा दूर. पीळ दिला की दर अर्ध्या पिळाला त्यांची अदलाबदल होते आणि हिशेब सारखा होतो. खांबांवरच्या उघड्या तारांना पीळ देणे अवघड, म्हणून तेथे काही ठरावीक खांबांनंतर तारांच्या जागा बदलत.

इतका सोपा उपाय हाती असूनही कंपन्यांनी तो लगेच सगळीकडे वापरला नाही. कारण सरळ होते. तारांचा खर्च दुप्पट होणार होता. खरखर सहन करणे स्वस्त पडत होते.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग एका तासात होतो. साधारण दोन मीटर आवरण असलेली तार, दोन सेल आणि एक होकायंत्र घ्या. होकायंत्र टेबलावर ठेवा. तारेचा एक सरळ भाग सुईच्या वर, सुईला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण धरा. तारेचा बाकीचा भाग दूर ठेवा. आता तारेची टोके सेलला दोन-तीन सेकंदांपुरतीच टेकवा, कारण तार आणि सेल गरम होतात. सुई चांगलीच वळते. हा ओर्स्टेड यांचा १८२० सालचा प्रयोग.

आता तीच तार मधोमध दुमडा आणि दोन्ही पदरांना दोरीसारखा पीळ द्या. प्रवाह पूर्वीइतकाच आहे, पण सुई जवळजवळ हलत नाही. एका पदरातून प्रवाह जातो, दुसऱ्यातून परत येतो आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडून टाकतात. विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारा. जी जोडी बाहेरच्या सुईला त्रास देत नाही, ती बाहेरच्या क्षेत्राचा त्रास करून घेईल का? आणि दोन्ही पदरांतून प्रवाह एकाच दिशेने सोडला तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने काढता येते. ते लक्षात ठेवा, गाठीचे रहस्य त्यातच आहे.

ट्राम विरुद्ध टेलिफोन

१८८८ साली अमेरिकेतल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी विजेच्या ट्रामचे मोठे जाळे यशस्वीपणे चालवून दाखवले. थोड्याच वर्षांत अनेक शहरांतून ट्रामला जोडलेले घोडे गेले आणि डोक्यावरची तार आली. ट्रामनेही परतीसाठी रूळ आणि जमीन वापरली. पण तिचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये नव्हता, तो शेकडो अँपिअर होता. त्यातच मोटारीचे ब्रश सतत ठिणग्या टाकत. टेलिफोनची एकेरी तार त्याच जमिनीत उतरलेली. ट्राम निघाली की टेलिफोनमध्ये असा घरघराट होई की बोलणेच अशक्य.

भांडण न्यायालयात गेले. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात टेलिफोन चालवणाऱ्या कंपनीने एका ट्राम कंपनीविरुद्ध दावा लावला. १८९१ साली ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रामच्या बाजूने निकाल दिला. रस्ता मुळात लोकांच्या येण्याजाण्यासाठी आहे आणि ट्राम हा येण्याजाण्याचाच एक प्रकार आहे. रस्त्याच्या कडेला खांब उभे करणाऱ्या टेलिफोनचा हक्क त्याच्यानंतरचा. टेलिफोनला त्रास होत असेल तर त्याने आपली दुसरी तार टाकावी, असा त्या निकालाचा रोख होता.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तेथे १८९२ साली तारायंत्राचा कायदा झाला. दोन विद्युत यंत्रणांचा एकमेकींना त्रास होत असेल किंवा होण्याची भीती असेल, तर जो नंतर आला किंवा ज्याने नंतर बदल केला त्याने स्वतःच्या खर्चाने तो दूर करावा, असे कलम त्यात होते. विद्युतचुंबकीय व्यत्ययाविषयीच्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक मानला जातो.

एके ठिकाणी भार सोसणाऱ्यावर पडला, दुसरीकडे नंतर येणाऱ्यावर. तारेच्या बाबतीत मात्र निकाल एकच लागला. शहरांतल्या ट्राम आणि विजेचे दिवे वाढत गेले तशी टेलिफोनची एकेरी तार मागे पडली आणि जोडीची तार आली. जे काम अभियंत्यांच्या सल्ल्याने झाले नव्हते, ते ट्रामच्या घरघराटाने झाले.

वारंवारतेची चाळणी

दुसरी युक्ती एका वेगळ्याच गरजेतून निघाली. लांबच्या मार्गावर आवाज पुसट होई. त्यावर उपाय म्हणून तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवायची कल्पना १८९९ च्या सुमारास मायकेल प्युपिन आणि बेल कंपनीतले जॉर्ज कॅम्बेल या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. कॅम्बेल यांच्या लक्षात आले की अशी तार एका ठरावीक वारंवारतेपर्यंतच्या लहरी सुखाने जाऊ देते आणि त्यावरच्या अडवते. म्हणजे वेटोळी आणि धारित्रे योग्य रीतीने रचली तर हवी ती वारंवारता घेता येईल आणि नको ती टाकता येईल. हीच विद्युत चाळणी, म्हणजे फिल्टर. कॅम्बेल यांच्या फिल्टरची पेटंटे १९१७ साली मंजूर झाली. जर्मनीत कार्ल विली वागनर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच काम केले होते.

तत्त्व दोन वाक्यांत मावते. वेटोळे वाढत्या वारंवारतेला वाढता विरोध करते, धारित्र वाढत्या वारंवारतेला अधिकाधिक सहज वाट देते. वेटोळे तारेच्या मार्गात आणि धारित्र तारेतून बाजूला काढून ठेवले, तर मंद लहरी पुढे जातात आणि जलद लहरी वाटेतच वळवल्या जातात. अदलाबदल केली तर उलटे होते.

या चाळणीचा पहिला मोठा उपयोग एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवण्यासाठी झाला. १९१८ साली अमेरिकेत बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग यांच्यामध्ये अशी सेवा सुरू झाली. प्रत्येक संभाषण वेगळ्या वारंवारतेवर चढवायचे आणि पलीकडे चाळणीने वेगळे करायचे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही चाळणी येऊन गेली आहे. २००५ साली भारत संचार निगमने टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा भिंतीवर एक छोटी डबी बसवत. तिच्यातून एक तार टेलिफोनला जाई आणि दुसरी मोडेमला. बोलण्याची वारंवारता चार हजार हर्ट्झच्या आत, तर डेटाची सुमारे २५ हजार हर्ट्झच्या पुढे. मधे भरपूर मोकळी जागा असल्यामुळे डबीतली चाळणी दोघांना सहज वेगळे करी. डबी न लावता टेलिफोन जोडला की उचलल्यावर डेटाची खरखर ऐकू येई.

चाळणी कुठे हरते?

ही चाळणी चालते ती निरोप आणि खरखर यांच्या वारंवारता वेगळ्या असतात तोवरच. डाळीतून खडे काढायला चाळणी उपयोगी पडते, पण खडे डाळीच्याच आकाराचे असले तर? वेगवान डेटा-तारांवर नेमके हेच होते.

यूएसबीची दुसरी आवृत्ती २००० साली आली. तिच्यावरून सेकंदाला ४८ कोटी बिट जातात. एक आणि शून्य आलटून-पालटून पाठवले तर २४ कोटी हर्ट्झची, म्हणजे २४० मेगाहर्ट्झची लहर तयार होते. ही लहर गोलाईची नसून चौकोनी असते आणि चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट अशा लहरीही मिसळलेल्या असतात. म्हणजे ७२० मेगाहर्ट्झ आणि १२०० मेगाहर्ट्झसुद्धा. त्या काढून टाकल्या तर चौकोनाचे कोपरे गोल होतात आणि एक कुठे संपला व शून्य कुठे सुरू झाले ते कळेनासे होते. आता शेजारी ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा मोबाइल आहे. त्याची खरखर निरोपाच्या वारंवारतांच्या मधोमध येऊन बसते. ती वारंवारतेवरून वेगळी काढायची कशी?

तरीही एखादे छोटे धारित्र लावून पाहू असे कुणी म्हणेल. हिशेब करा. १० पिकोफॅरडचे धारित्र म्हणजे अगदी नगण्य. त्याचा विरोध १ ÷ (२π × वारंवारता × धारिता) या सूत्राने काढला, तर २४० मेगाहर्ट्झला तो सुमारे ६६ ओहम येतो. यूएसबीची प्रत्येक तार जमिनीच्या तुलनेत ४५ ओहमची मानून आखलेली असते. म्हणजे निरोपाला पुढे जाणे आणि धारित्रातून जमिनीत जाणे जवळजवळ सारखेच सोपे. १०० पिकोफॅरड घेतले तर विरोध ६.६ ओहम, मग निरोप संपलाच.

वाटेवरून ओळख

येथे टेलिफोनच्या जोडीची जुनी कल्पना कामाला आली. तारांच्या जोडीतून प्रवाह दोन प्रकारे जाऊ शकतो. एका तारेने जायचे आणि दुसरीने परतायचे, हा निरोपाचा प्रकार. किंवा दोन्ही तारांतून एकाच दिशेने जायचे आणि परत तिसऱ्याच वाटेने, बहुधा जमिनीतून यायचे. खरखर असे वागते. अभियंते पहिल्याला डिफरन्शियल मोड म्हणतात आणि दुसऱ्याला कॉमन मोड. आपण येथे त्यांना उलट प्रवाह आणि समप्रवाह म्हणू.

हे दोन प्रवाह खरोखर स्वतंत्र आहेत, हे टेलिफोनच्या लोकांनी फार पूर्वी वापरून दाखवले होते. १८८२ साली फ्रँक जेकब यांनी आणि १८८६ साली कार्टी यांनी अशी रचना सुचवली की, तारांच्या दोन जोड्यांवर दोन नव्हे, तीन संभाषणे व्हावीत. तिसऱ्या संभाषणासाठी पहिल्या जोडीच्या दोन्ही तारा मिळून एक तार समजायची आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारा मिळून परतीची. तिसऱ्याचा प्रवाह प्रत्येक जोडीत समप्रवाह असतो, म्हणून त्या जोडीवर बोलणाऱ्याला तो ऐकू येत नाही. याला भुताचा परिपथ अशा अर्थाचे नाव पडले होते. तार नाही, पण संभाषण आहे!

आता उलटा विचार करा. समप्रवाह वेगळा काढून वापरता येतो, तर वेगळा काढून अडवताही आला पाहिजे.

त्यासाठी एक साधन हवे होते, उच्च वारंवारतेला चालणारा चुंबकीय गाभा. लोखंडाच्या गाभ्यात बदलत्या क्षेत्रामुळे भोवरे प्रवाह निर्माण होतात आणि ऊर्जा वाया जाते. १९३० साली जपानमध्ये योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी लोहाच्या ऑक्साइडमध्ये इतर धातूंची ऑक्साइडे मिसळून, भट्टीत भाजून फेराइट बनवले. ते चुंबकीय आहे, पण विजेला फार मोठा रोध करते, त्यामुळे भोवरे प्रवाह जवळजवळ होत नाहीत. पुढे नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी या पदार्थांवर मोठे काम केले. गाठीतली ती ठिसूळ नळी फेराइटचीच असते. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये गुस्ताव ग्वानेला यांनी तारांची जोडीच्या जोडी गुंडाळून केलेली रचना प्रसिद्ध केली. तीत उलट प्रवाह सहज जातो आणि समप्रवाहाला मोठा विरोध होतो.

फेराइटच्या कड्यावर दोन तारा शेजारी-शेजारी, एकाच दिशेने गुंडाळल्या आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक वेटोळ्याचे स्वप्रवर्तन ल आहे आणि दोन्ही अगदी जवळ असल्यामुळे त्यांचे अन्योन्य प्रवर्तनही जवळजवळ ल एवढेच आहे. उलट प्रवाह जाताना दोघांची क्षेत्रे एकमेकांविरुद्ध असतात, म्हणून ल − ल = ०. कड्याला निरोपाचा पत्ताच लागत नाही. समप्रवाह जाताना क्षेत्रे एकाच दिशेची असतात, म्हणून ल + ल = २ल, आणि कडे त्याला अडवते. होकायंत्राच्या प्रयोगातला दुसरा प्रश्न आठवा. पीळ दिलेल्या दोन्ही पदरांतून एकाच दिशेने प्रवाह सोडला की सुई वळली असेल. फेराइटचे कडे त्या सुईच्याच जागी आहे. फरक इतकाच, की सुई नुसती पाहते आणि कडे अडवते.

म्हणजे गाठ वारंवारतेवरून माणूस ओळखत नाही. तो कुणाबरोबर आणि कोणत्या वाटेने चालला आहे, हे पाहते. म्हणूनच निरोप आणि खरखर एकाच वारंवारतेचे असले तरी तिचे काम अडत नाही. वायरीवरच्या एका साध्या गाठीचा समप्रवाहाला होणारा विरोध १०० मेगाहर्ट्झला साधारण शंभर-दोनशे ओहम असतो. वायर कड्यातून एकदाऐवजी दोनदा फिरवली तर प्रवर्तन वेढ्यांच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे चौपट होते. अडवलेल्या खरखरीचा मोठा भाग फेराइटमध्ये उष्णता होऊन संपतो. ती इतकी थोडी असते की गाठ गरम झालेली हाताला कळत नाही.

टेलिफोनच्या तारेवर संगणक

१९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेटची सुरुवात झाली, ती जाड, जाळीचे आवरण असलेल्या वायरीवर. १९९० साली इथरनेटचे एक नवे मानक आले. त्यात टेलिफोनसारख्या, आवरण नसलेल्या पिळाच्या जोड्यांवरून सेकंदाला एक कोटी बिट पाठवायचे होते. १९९९ साली तशाच चार जोड्यांवरून शंभर कोटी बिट जाऊ लागले. या वायरीतल्या चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो, म्हणजे एक जोडी शेजारच्या जोडीचे बोलणे ऐकत नाही. शाळेत अशा वायरीचा तुकडा मिळाला तर चारही जोड्यांचे दहा सेंटिमीटरमधले पीळ विद्यार्थ्यांना मोजायला सांगा. आणि संगणकाच्या ज्या खाचेत ती वायर बसते, तिच्यामागे प्रत्येक जोडीसाठी एक छोटे रोहित्र आणि सोबत समप्रवाह अडवणारे फेराइटचे कडे असते. यूएसबीच्या तारांवर तांदळाच्या दाण्याएवढे तेच कडे छापील पट्टीवर डागलेले आढळते.

एवढी काळजी कशासाठी, तेही पाहू. समप्रवाह जसा बाहेरून आत येतो, तसा आतून बाहेरही जातो. जोडीतली एक तार किंचित लांब असली, किंवा एका तारेवरचा ठोका दुसरीपेक्षा किंचित उशिरा पडला, तरी बाकी राहिलेला फरक समप्रवाह बनतो. मग ती वायर अँटेनासारखी वागू लागते. एक मीटर लांबीच्या वायरीवर ५० मेगाहर्ट्झचा अवघा ५ मायक्रोअँपिअर समप्रवाह असला, तर तीन मीटरवर सुमारे १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढे क्षेत्र तयार होते. घरगुती संगणकांसाठी अमेरिकेने घातलेली मर्यादा या वारंवारतेला जवळजवळ एवढीच आहे. यूएसबीचा निरोपाचा प्रवाह सुमारे १८ मिलिअँपिअर असतो. म्हणजे ढोबळमानाने, निरोपाच्या साडेतीन हजाराव्या हिश्श्याएवढी चूकही शेजारचा रेडिओ बिघडवायला पुरते.

या युक्तीलाही मर्यादा आहे. २००८ साली आलेल्या यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून सेकंदाला ५०० कोटी बिट जातात. तिच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झवरही पसरतात आणि बिनतारी माउस, कळफलक व वाय-फाय तेथेच असतात. २०१२ साली इंटेल कंपनीने एका निबंधात दाखवले की अशा उपकरणाजवळ बिनतारी माउसचा पल्ला कमी होतो. ती खरखर म्हणजे दुसऱ्याचा निरोपच असल्यामुळे गाळून काढता येत नाही. तेथे जोडणीला धातूचे नीट आवरण घालणे आणि माउसची छोटी पट्टी लांब सरकवणे हेच उपाय उरतात. घरच्या संगणकावर हे करून पाहता येते.

भार कुणी घ्यायचा?

ट्राम आणि टेलिफोन यांच्यातला प्रश्न आजही तोच आहे. खरखर करणाऱ्याने थांबवायची की ऐकणाऱ्याने सोसायची? १९७९ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने संगणकी उपकरणांनी किती खरखर बाहेर टाकावी यावर मर्यादा घातली. १९८९ साली युरोपीय देशांनी केलेल्या नियमात दोन्ही बाजू आल्या. उपकरणाने इतरांना त्रास देऊ नये आणि इतरांच्या माफक त्रासाने स्वतः बंदही पडू नये. ओहायोचा निकाल आणि जर्मनीचा कायदा यांचे शंभर वर्षांनी झालेले हे एकत्रीकरण म्हणता येईल.

फेराइटच्या कड्याला हे दोन्ही नियम एकदमच पाळता येतात. समप्रवाह आतून बाहेर चालला आहे की बाहेरून आत येतो आहे, याने त्याला फरक पडत नाही. वर्गात प्रवर्तनाचा धडा शिकवताना फॅराडेनंतर एकदम रोहित्र आणि जनित्र येते. त्या दोघांच्या बरोबरीने एखाद्या टाकून दिलेल्या वायरीवरची गाठ फोडून दाखवावी. प्रवर्तन निर्माण करण्यासाठी जसे वापरता येते, तसे थांबवण्यासाठीही वापरता येते, हे मुलांना त्या एका काळ्या नळीवरून दाखवता येईल.